न बांधलेल्या धरणाची गोष्ट

आपल्याकडच्या पर्यावरण चळवळींबद्दल काहीही वाचायला घेतलं की दोन नावं हमखास येतात: चिपको आणि सायलेंट व्हॅली. चिपकोचं चित्र डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं, झाडाला मिठी मारलेल्या बायकांचं. सायलेंट व्हॅलीचं माझ्या डोक्यात तसं काहीच चित्र नव्हतं. "केरळातलं कुठलंसं जंगल धरणापासून वाचवलं", एवढीच काय ती माहिती. गेल्या डिसेंबरात एका लांबलचक वीकांताला आम्ही तिघे मित्र तिथे माकडं बघायला जाऊन आलो, आणि आल्यापासूनचे बरेचसे रविवार या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचण्यात गेले. त्यातून हा लेख झाला. प्रवासवर्णन कमी आणि इतिहास जास्त आहे, तेव्हा फोटोंच्या आशेने आलेल्यांनी माफ करावे :)

आधी जागा. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरी डोंगररांगेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एक उंचावरचं खोरं आहे. सगळीकडून डोंगरकड्यांनी वेढलेलं. मधून कुंती नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि एका अरुंद घळीतून खाली मैदानात उतरते. क्षेत्रफळ ८९.५२ चौरस किलोमीटर. आम्ही कोइमतूरला उतरून अनैकट्टी-अगळी रस्त्याने गेलो. तो पट्टा पर्जन्यछायेचा, आपल्या माणदेशाची आठवण यावी असा: उघडे डोंगर, बोरी-बाभळी, शेळ्या. या भागाला अट्टप्पाडी म्हणतात (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल). मुक्कालीला पोचेपर्यंत झाडी दाट होते. तिथे वनखात्याच्या कार्यालयात नाव नोंदवायचं, जीप आणि वाटाड्या घ्यायचा आणि २३ किलोमीटर खडबडीत रस्त्याने आत सैरंध्रीला जायचं. त्यापुढे पर्यटकाला फारशी मुभा नाही, आणि ते बरंच आहे.

हो, सैरंध्रीच. या खोऱ्याचं जुनं नाव सैरंध्रीवन. नदी कुंती. खाली एका जागेचं नाव पात्रक्कडवू, म्हणजे द्रौपदीने भांडी घासली तो घाट. अज्ञातवासात पांडव इथे राहिले अशी स्थानिक समजूत आहे. आपल्याकडे वाईचे लोक विराटनगरी आमचीच म्हणून सांगतात, तेव्हा वाई आणि पालक्काड यांच्यातला हा वाद कधीतरी मिटवायला हवा. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'मुळे सैरंध्री आपल्याला ओळखीची. ते नाटक १९०७ साली आलं आणि त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांच्या आणि मग सरकारच्याही लक्षात आल्यावर १९१० साली त्यावर बंदी आली. इथल्या सैरंध्रीच्या मागे लागलेला कीचक मात्र वेगळा होता. असो.

'सायलेंट व्हॅली' हे इंग्रजी नाव कुठून आलं याच्या तीन उपपत्ती सांगतात. एक, इथे रातकिडे ओरडत नाहीत म्हणून. दुसरी, साहेबाला सैरंध्री म्हणता येईना म्हणून. तिसरी, इथल्या सिंहपुच्छ माकडाच्या शास्त्रीय नावातल्या 'सिलेनस'वरून. पहिलीबद्दल एवढंच सांगतो की जीप बंद केल्यावर आम्हाला रातकिडे व्यवस्थित ऐकू येत होते. माझं मत दुसरीला.

आता माकडाबद्दल. सिंहपुच्छ माकड हे फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, म्हणजे कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या सदाहरित जंगलात सापडतं. काळंकुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती राखाडी-रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. जगात मोकळ्या जंगलात आज ही माकडं ४,००० पेक्षा कमी असावीत असा अंदाज आहे. आपल्या देवळातल्या माकडांसारखं हे लोचट नाही. जवळजवळ सगळं आयुष्य झाडाच्या शेंड्यावर काढतं, जमिनीवर उतरायचं सहसा टाळतं. याचा अर्थ असा की त्याला सलग जंगल लागतं, फांदीला फांदी लागलेलं. मध्ये रुंद रस्ता किंवा तलाव आला की पलीकडचं जंगल त्याच्या दृष्टीने परदेश. शिवाय त्याला वर्षाचे बारा महिने काही ना काही फळ लागतं. एक झाड संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. या वेळापत्रकातलं मुख्य झाड म्हणजे मल्याळीत ज्याला वेडिप्लावु म्हणतात ते. 'प्लावु' म्हणजे फणस आणि 'वेडि' म्हणजे बंदुकीचा बार (वेडा फणस नव्हे!). काटेरी, चेंडूएवढी फळं. इतर फळांची टंचाई असते तेव्हा याची फुलं आणि बिया माकडांना तारतात.

आम्हाला आधी शेकरू दिसलं. मग निलगिरी वानरांची एक टोळी. तीही काळी असतात, त्यामुळे "दिसलं, दिसलं!" म्हणून आमचा जल्लोष झाला आणि वाटाड्याने शांतपणे मान हलवली. तो मुडुगा या आदिवासी समाजाचा होता, पन्नाशीचा. आम्ही त्याला तिथल्या रिवाजाप्रमाणे 'चेट्टा' म्हणजे दादा म्हणत होतो. त्याचं हिंदी आणि आमचं मल्याळम सारखंच होतं, पण जंगलात फार बोलायचं नसतंच. सैरंध्रीच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर त्याने जीप थांबवली, कान दिला आणि रस्त्यावर पडलेली वेडिप्लावुची सालं बोटाने दाखवली. ताजी होती. वर बघा. साधारण वीस मिनिटं काहीच नाही. मग पार वर, उजेडात एक फांदी हलली आणि ती आयाळ दिसली. पाच-सहा जण होते. एक पिल्लू. दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसलं ते चार-पाच मिनिटंच. नंतर ती सगळी एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर करत उताराकडे निघून गेली. खाली नदी आहे, त्या दिशेला.

सैरंध्रीला लोखंडी मनोरा आहे. वर चढलं की सगळं खोरं आणि ती नदीची घळ दिसते. धरण बांधायचं होतं ते याच घळीत. शिक्षणाने मी यंत्र अभियंता, पोटापाण्याला संगणक. पण जागा बघितल्यावर कुठल्याही इंजिनिअरला जे वाटेल ते मलाही वाटलं: काय जागा आहे! वर प्रचंड पाऊस, पसरट खोरं, तोंडाशी अरुंद खडकाळ घळ आणि लगेच पुढे खोल उतार. कमी भिंत, जास्त पाणी, भरपूर उंची. ज्यांनी हे धरण सुचवलं ते खलनायक नव्हते, हे त्या मनोऱ्यावर उभं राहिलं की कळतं. त्यांना त्यांचं काम येत होतं.

ही जागा वीजनिर्मितीसाठी उत्तम म्हणून हेरली गेली १९२८ साली, म्हणजे इंग्रजांच्या काळात. जंगल त्याआधीच, १९१४ साली, राखीव झालं होतं. (राखीव म्हणजे सरकारला लाकडासाठी राखीव. त्यानंतर इथून निवडक झाडं तोडून नेली गेलीच. 'मानवी स्पर्श न झालेलं अरण्य' वगैरे जे लिहितात ते थोडं सांभाळून घ्यावं.) स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये पाहणी झाली आणि १९७३ मध्ये योजना आयोगाने केरळ वीज मंडळाच्या प्रकल्पाला मान्यता दिली. सुमारे १३० मीटर उंच धरण, १२० मेगावॅट वीज, पुढे वाढवून २४० करण्याची सोय, पालक्काड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत सुमारे १०,००० हेक्टरला पाणी. खर्च तेव्हाच्या हिशेबाने २५ कोटींच्या आसपास. बदल्यात पाण्याखाली जाणार होतं ८३० हेक्टर जंगल.

आणि एकही गाव नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही आहे. बुडणाऱ्या भागात वस्ती नव्हती. पुनर्वसन नाही, मोबदला नाही, मोर्चे नाहीत. धरण बांधणाऱ्याला याहून चांगलं काय हवं?

इथे थोडं विषयांतर. पुण्यातले आम्ही लोक पाऊस पडला की मुळशीला जातो. कणीस खातो, तलावाचे फोटो काढतो. त्या तलावाखाली मावळातली गावं आहेत. टाटांच्या धरणाविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे नेते होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. शेतकरी हरले, बापट तुरुंगात गेले, धरण झालं. पुढे कोयना. तिथेही गावं उठली, शिवसागर झाला, आणि मुंबई-पुण्याचे दिवे लागले. माझ्या लहानपणी घरात लागलेल्या दिव्यामागेही कुठेतरी कोयना होतीच, तेव्हा मी फार तावातावाने बोलू नये हे बरं. पण ताळा मांडून बघा. मुळशीत ज्यांचं सर्वस्व जाणार होतं ती माणसं लढली आणि हरली. सायलेंट व्हॅलीत कुणाचंच घर जाणार नव्हतं, आणि तिथे धरण थांबलं. हे कसं काय?

लढाईची सुरुवात निसर्गवाल्या मंडळींकडून झाली. मद्रासच्या सर्पोद्यानाचे रोम्युलस व्हिटेकर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेले होते आणि त्यांनी या जंगलाकडे लोकांचं लक्ष वेधलं. सिंहपुच्छ माकडांचा अभ्यास करणारे स्टीव्हन ग्रीन आणि कॅरन मिन्कोव्स्की यांनी या माकडासाठी हे खोरं किती मोलाचं आहे ते लिहिलं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि सालिम अली यात उतरले. १९७६ मध्ये केंद्राच्या पर्यावरणविषयक राष्ट्रीय समितीने एक अभ्यासगट नेमला. त्याचे प्रमुख झफर फतेहअली. मुंबईचे, पक्षीनिरीक्षक, सोसायटीचे एके काळचे मानद सचिव. म्हणजे माणूस अगदी योग्य.

आणि या योग्य माणसाच्या गटाच्या अहवालात ते वाक्य आलं जे वाचून मी कपाळाला हात लावला. अहवालाने शिफारस केली की हा प्रकल्प रद्द करावा. पण पुढे जोडलं की प्रकल्प सोडणं शक्यच नसेल तर १७ सुरक्षा उपाय तरी करावेत.

ज्यांनी आयटीत चार वर्षं काढली आहेत त्यांना पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. आपण क्लायंटला लिहितो, "हे करू नका. पण करायचंच असेल तर किमान अमुक, तमुक आणि ढमुक करा." मीटिंगमध्ये पहिलं वाक्य कुणी वाचत नाही. यादी तेवढी वाचतात. आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे टिक करून म्हणतात, "झालं की तुमच्या मनासारखं!" केरळ सरकारने नेमकं हेच केलं. १७ च्या १७ अटी मान्य, आता परवानगी द्या. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी परवानगी दिली, आणि अटी पाळण्याची हमी म्हणून राज्याने १९७९ मध्ये त्या भागाच्या पर्यावरणीय समतोलाच्या संरक्षणाचा एक कायदाही केला. म्हणजे जंगल बुडवण्याची तयारी म्हणून जंगल वाचवण्याचा कायदा. नकाराचं पत्र हेच मंजुरीचं पत्र झालं.

फतेहअलींना दोष द्यावासा वाटत नाही. त्या काळी केंद्रात पर्यावरण खातंच नव्हतं, ते १९८० च्या नोव्हेंबरात आलं. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची मंजुरी घ्या, असा कायदाही १९८० चाच. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास सक्तीचा झाला तो तर १९९४ मध्ये. 'नाही' म्हणायला हातात काहीच नसताना माणूस 'किमान एवढं तरी' म्हणतोच. पण गटाच्या शिफारशींचं झालं ते असं झालं खरं.

इथून पुढची गोष्ट मला सर्वात आवडते. केरळ शास्त्र साहित्य परिषद नावाची संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. उद्देश साधा, विज्ञान मल्याळम भाषेत लिहायचं. आपली मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, उद्देश साधारण तोच. पण केरळची परिषद हळूहळू गावोगाव पसरली आणि हजारो सभासदांची झाली, त्यात शाळामास्तर खूप. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी परिषदेत सायलेंट व्हॅलीचा विषय लावून धरला. तेव्हा परिषदेतल्या सगळ्यांना ते पटलं होतं असं नाही. डाव्या विचारांचे लोक बरेच, आणि डाव्यांना काय, उजव्यांना काय, केरळातल्या जवळजवळ सगळ्या पक्षांना धरण हवं होतं. मग परिषदेने पाच जणांचा एक गट केला आणि प्रकल्पाचा तांत्रिक-आर्थिक आणि सामाजिक-राजकीय हिशेब मांडायला सांगितलं. जीवशास्त्रज्ञ होतेच, पण इंजिनिअर होते, अर्थतज्ज्ञ होते. त्यातले एक एम. पी. परमेश्वरन. मूळचे अणुशास्त्रातले अभियंते, मुंबईत तुर्भ्याच्या भाभा केंद्रात नोकरी केलेले. हा अहवाल १९७९ मध्ये आला.

त्यांनी केलं ते असं. वीज मंडळाचा प्रश्न होता, "हे धरण झालं तर किती वीज मिळेल?" यांनी विचारलं, "मलबारला वीज कमी का पडते?" तक्रार खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. उत्तर केरळ, म्हणजे मलबार, खरोखरच मागे पडलेला होता. कारखाने नाहीत, विजेचा दाब नाही, मुलं नोकरीसाठी आखातात. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी "माकडं वाचवा" म्हटल्यावर मलप्पुरमच्या माणसाला राग आला तर तो चूक म्हणता येत नाही. पण गंमत अशी की १९७६ मध्ये इडुक्कीचा पहिला टप्पा सुरू झाल्यावर (उद्घाटन केलं इंदिरा गांधींनीच) केरळ शेजारच्या राज्यांना वीज विकत होतं. वीज होती, ती मलबारपर्यंत नीट पोचत नव्हती. वाहिन्या अपुऱ्या, गळती जास्त. परिषदेचं म्हणणं असं की आधी वाहिन्या सुधारा, गळती कमी करा, मलबारात औष्णिक केंद्राचा विचार करा. हे जंगल बुडवून मिळणाऱ्या विजेपेक्षा ते मार्ग जास्त शहाणपणाचे आहेत. म्हणजे माकड विरुद्ध माणूस हा सामनाच त्यांनी रद्द केला. मलबारच्या माणसाला ते म्हणाले, तुला वीज मिळायलाच हवी, पण हे धरण तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

दुसरा हिशेब टक्क्यांचा. धरणवाले म्हणत, खोऱ्यातलं जेमतेम १० टक्के जंगल बुडेल, ९० टक्के राहीलच की! ८३० हेक्टरला ८,९५२ ने भागा, सव्वानऊ टक्के येतात. आकडा बरोबर. पण बुडणार होता तो नदीकाठचा, खोऱ्याच्या तळाचा भाग, आणि डाव्या-उजव्या उतारांना जोडणारी फांद्यांची वाट तिथूनच जाते. शिवाय बांधकामाची काही वर्षं, रस्ते, हजारो मजुरांच्या छावण्या, त्यांच्या चुली. एखाद्या प्रोग्रॅममधल्या १० टक्के ओळी काढून "९० टक्के तर शाबूत आहे" म्हणण्यासारखं आहे ते. कुठल्या ओळी काढल्या ते सांगा ना!

हे सगळं परिषदेने मल्याळममध्ये, शाळांच्या पटांगणात, चौकाचौकांत समजावून सांगितलं. कवी आणि लेखक सोबत आले. सुगतकुमारी यांची 'मरत्तिनु स्तुति' (वृक्षाची स्तुती) ही कविता सभांच्या सुरुवातीला म्हटली जायची. कवितेने काय होतं असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्या लोकांनी इथे जरा थांबावं. तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात ज्याची नोंद नव्हती, त्याला आधी नाव देण्याचं काम कवितेने केलं. आकडेमोड त्यानंतर ऐकू आली.

बाकीचा घटनाक्रम भराभर सांगतो. कृषी खात्याचे तेव्हाचे सचिव एम. एस. स्वामिनाथन यांनी १९७९ मध्ये सुचवलं की सायलेंट व्हॅली आणि आजूबाजूची जंगलं मिळून सुमारे ३९० चौरस किलोमीटरचं एकच राखीव क्षेत्र करावं. ऑगस्ट १९७९ मध्ये उच्च न्यायालयाने झाडतोडीला स्थगिती दिली. जानेवारी १९८० मध्ये याचिका फेटाळली गेली. त्याच महिन्यात इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि त्यांनी राज्याला काम थांबवायला सांगितलं. डिसेंबर १९८० मध्ये केरळ सरकारने काय करावं? सायलेंट व्हॅलीला राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं, धरणाची जागा वगळून! मेदूवड्यासारखं राष्ट्रीय उद्यान, बरोबर मध्ये भोक. ते अर्थातच कुणाला पटलं नाही.

मग एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र आणि राज्य यांची मिळून एक समिती झाली. तिच्यात आपले पुण्याचे माधव गाडगीळ होते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांचे चिरंजीव, तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. (वडील योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते, १९७१ पर्यंत. पुढे ज्या प्रकल्पाला त्या आयोगाने मान्यता दिली त्याच्या समितीवर मुलगा. हा नुसता योगायोग, पण लिहिल्याशिवाय राहवेना.) समितीचा अहवाल १९८३ मध्ये गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस प्रकल्प गुंडाळला गेला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, या वेळी मधल्या भागासकट. इंदिराजींची हत्या होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. ७ सप्टेंबर १९८५ ला राजीव गांधींनी त्याचं औपचारिक उद्घाटन केलं.

श्रेय कुणाचं यावर आजही लोक भांडतात. इंदिरा गांधींना ते द्यायलाच हवं. स्वतःच्या पक्षाच्या राज्यातल्या लोकांना नाराज करून घेतलेला निर्णय होता. पण नुसता वरून हुकूम आला असता तर तो पुढच्या सरकारने फिरवला असता, असं मला वाटतं. दिल्लीत निर्णय टिकला, कारण केरळात त्याच्या बाजूने बोलणारे हजारो लोक तयार झाले होते. त्याचा पडताळाही आला. २००० नंतर वीज मंडळाने त्याच नदीवर, उद्यानाच्या हद्दीच्या खाली, पात्रक्कडवूला ७० मेगावॅटचा प्रकल्प पुन्हा पुढे आणला. पुन्हा तीच चर्चा, पुन्हा परिषद. शेवटी २००७ मध्ये उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला गेला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात हे उद्यान आहे. सुगतकुमारी २०२० च्या डिसेंबरात गेल्या, प्रसाद सर २०२२ च्या जानेवारीत. दोघेही करोनाने.

आता अट्टप्पाडी. तेच, सुरुवातीला पाहिलेले उघडे डोंगर. सायलेंट व्हॅलीची हद्द जिथे संपते तिथून ते सुरू होतात. अट्टप्पाडीत इरुळा, मुडुगा आणि कुरुंबा हे आदिवासी राहतात. १९५१ च्या जनगणनेत तिथली साधारण ९० टक्के वस्ती आदिवासी होती. बाहेरून लोक येत गेले, जमिनी हातांतून जात राहिल्या, जंगल तुटत राहिलं, आणि २००१ पर्यंत आदिवासी तिथे निम्म्याहून कमी उरले. त्यासाठी १३० मीटरची भिंत लागली नाही. कुठला एक प्रकल्प नव्हता, त्यामुळे विरोध कशाला करायचा तेही कुणाला कळलं नाही. २०१३ मध्ये अट्टप्पाडीतल्या आदिवासी तान्ह्या बाळांच्या मृत्यूंच्या बातम्या देशभर गाजल्या. कुपोषण. ज्या राज्याचा बालमृत्यूचा दर आपण कौतुकाने सांगतो त्या राज्यात. सायलेंट व्हॅलीवर जितकं लिहिलेलं मला सापडलं त्याच्या एक दशांशही अट्टप्पाडीवर सापडलं नाही.

चेट्टाला मी विचारलं होतं, तुमचं गाव कुठलं? त्याने मनोऱ्यावरून पूर्वेकडे हात केला. तिकडे जंगल होतं की नाही, असं मोडक्या भाषेत विचारल्यावर तो म्हणाला, "आजोबा सांगायचे, होतं." त्याच्या आजोबांचं जंगल गेलं आणि त्याच्या पोराबाळांचं पोट आज या वाचलेल्या जंगलावर, आमच्यासारख्या पाहुण्यांवर चालतं. यात कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक हे मला नीट मांडता येत नाही.

कुणाला जायचं असेल तर: कोइमतूर किंवा पालक्काडहून मुक्काली. जीपची संख्या मर्यादित असते, तेव्हा आधी चौकशी करून जा आणि सकाळी लवकर पोचा. पावसाळ्यात जळवा इतक्या असतात की दुसरं काही बघायला सवड मिळत नाही. डिसेंबर ते मार्च बरं. रंगीबेरंगी टी-शर्ट नकोत, मोबाइलवर गाणी तर नकोतच. जाताना अट्टप्पाडीतून जाणारा रस्ताच घ्या, दिवसाउजेडी. आणि रस्त्यावर काटेरी सालं पडलेली दिसली तर जीप थांबवायला सांगा.